भागीबाईचा टाक

नाशिकच्या सराफ बाजारात यादव सोनाराचं स्वतःचं दुकान कधीच नव्हतं. एका पेढीच्या ओट्यावर दीड हाताची जागा, तिथं त्याचं बाकडं. दागिने दुसरे घडवत, हा त्यांवर कोरायचा. नखाएवढ्या पानावर वेल, वाटाण्याएवढ्या पदकावर नाव. चाळीस वर्षं तो मान खाली घालून बसला. मान वर केली की लांबच्या गावाहून आत्ताच परतल्यासारखा दिसायचा.

एवढीशी वस्तू हातात धरून कोरता येत नाही, ती हलते. म्हणून तो ती लाखेत बसवायचा. लाख दिव्यावर मऊ करायची, वस्तू तीत दाबायची, काम झालं की पुन्हा ऊब देऊन सोडवायची. पुढे सुपरग्लूच्या बारक्या नळ्या आल्या. पितळी ठोकळ्यावर एक थेंब, वर वस्तू, दहा आकडे मोजले की झालं. कोरायचं कलम कितीही रेटा, वस्तू ढळत नाही.

अठ्ठ्याण्णव सालच्या वैशाखात मखमलाबादची गोजराबाई फुलबाजारात मोगरा विकून त्याच्याकडे आली. पदराच्या गाठीतून तिनं चांदीचा टाक काढला. गेलेल्या माणसाच्या नावानं देवघरात पुजतात तो लहानसा पत्रा. हा तिच्या सवतीचा होता. भागीबाई स्टोव्हच्या भडक्यात गेली तेव्हा तिची सुवर्णा दोन वर्षांची होती. गोजराबाई दुसरेपणावर त्या घरात आली, तिनं सुवर्णाला वाढवलं आणि सवतीला पुजलं. हळदीकुंकवाची बोटं लागून लागून टाकावरचे नाकडोळे पुसून गेले होते.

"सोमवारी सुवर्णाची हळद हाय," ती म्हणाली. "पहिली हळद आईला लावायची, आन् आईला तोंडच नाय. तेवढं उमटवून दे, दादा."

"देतो."

"पर एक ऐक. तिला विस्तू दाखवू नको. एकदा जळलीय ती."

"नाही दाखवणार. शब्द देतो."

शब्द त्यानं पटकन दिला, कारण लाखेला दिवा लागतो, सुपरग्लूला लागत नाही. टाक ठोकळ्यावर चिकटवून त्यानं दोन दिवस काम केलं. डोळे आले, नाक आलं, नाकात नथ आली. शनिवारी कलम खाली ठेवलं आणि रोजच्या सवयीनं ठोकळा स्पिरिटच्या दिव्याशी नेला. काडी ओढली आणि तो थांबला.

चिकटलेलं निघतं तेही उष्णतेनंच. हे तो दिवसातून दहादा करायचा. इतक्यांदा केलेलं वेगळं आठवत नाही. त्यानं काडी फुंकली.

मग बांगडीवाल्याकडून नखांचा रंग काढायचं पाणी आणलं. वाटीत ठोकळा बुडवून वर झाकण ठेवलं. रविवारपर्यंत कडा तेवढ्या सुटल्या. मधे ते पाणी पोचलंच नाही. पातं सारलं तर झिजून कागद झालेली चांदी कोपऱ्यात वळू लागली. त्यानं पातं काढून घेतलं. दिवा हाताशी होता. अर्ध्या मिनिटाचं काम, कुणाला कळलंही नसतं. पण त्यानं नुकतेच कोरलेले डोळे त्याच्यासमोर उघडे होते. तो नुसता बसून राहिला.

सोमवारी सकाळी गोजराबाई आली. त्यानं काडीसुद्धा न लपवता सगळं सांगितलं.

"मग आता?"

"मला कळत नाही, बाई."

"एवढा कारागीर तू, आन् माझी सवत लोखंडाला चिकटवून ठेवलीस?"

"पितळ आहे ते."

"लय उपकार झाले."

तिनं ठोकळा उजेडात धरला. बराच वेळ ते तोंड पाहिलं.

"आशीच होती का गं तू?" ती टाकाला म्हणाली. "मी कुठं पाह्यलं तुला."

ठोकळा फुलांच्या पाटीत ठेवून ती गेली. त्या दिवशी पहिली हळद ठोकळ्यावरच्या भागीबाईला लागली. सुवर्णानं तो दोन्ही हातांनी उचलला आणि म्हणाली, "आई लय जड झाली." बायका हसल्या. यादवला बोलावणं होतं. तो गेला नाही.

आषाढ गेला, श्रावण गेला. फुलवाल्या बायका ओट्यासमोरून जायच्या, यादव मान वर करून बघायचा. निरोप कुणाकडे पाठवावा आणि पाठवून सांगावं काय, हे त्याला सुचत नव्हतं.

भाद्रपदात गोजराबाईनं रिकामा ठोकळा त्याच्यापुढे ठेवला.

त्यानं ठोकळ्यावरून बोट फिरवलं. "विस्तू...?"

"नाय. रोज कोमट पाण्यानं आंघोळ घालते तिला. परवा तामनात आपली आपण सुटली."

"अख्खी?"

"नथीसगट."

"मी तर काहीच केलं नाही, बाई."

"तू काय करनार व्हतास त्यात," ती म्हणाली. रागानं नाही. पाटी उचलून ती बाजाराकडे वळली.

डोळे जाईपर्यंत आणखी सहा वर्षं यादवनं काम केलं. त्याच्या वेलींचं कौतुक व्हायचं, तो मान हलवायचा. भागीबाईचं तोंड आपण कोरलं, हे मात्र त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. मला गोजराबाईनं सांगितलं.