मीनाचा नंबर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सुधाला तर नाहीच — आणि केलं ते तिच्यासाठीच. निदान तेव्हा मी स्वतःची तशी समजूत घातली होती.

सुधा माझी बायको. तिच्या मानेत गाठ आली, रोज संध्याकाळी ताप, वजन उतरत चाललेलं. नागपुरात धंतोलीतल्या रक्तविकारांच्या डॉक्टरांनी गाठ चाचपली. "थांबू नका, आधी पेट स्कॅन करून घ्या," एवढंच म्हणाले. कॅन्सर हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. गरज होती का?

स्कॅन सेंटरच्या बाकावर शेजारी रामभाऊ होते. काटोलकडचे, कळमन्याच्या बाजारात संत्री घेऊन येणारे. सोबत त्यांची मुलगी मीना. पोलीस भरतीसाठी रोज धावायची. आता जिना चढतानाही दम लागत होता. एक्सरेत छातीत गाठ दिसली होती. मीनानं सुधाचे हात आपल्या हातात घेतले.

"काकू, काहून घाबरून राहिल्या जी? सुईच तं आहे."

स्वतः उपाशी होती, खोकत होती — आणि धीर आम्हाला देत होती.

स्कॅनआधी टोचायचं औषध बाहेरगावाहून येतं. त्या सकाळी ते कमी आलं. मला हे सगळ्यांच्या आधी कसं कळलं? तिथला मॅनेजर माझ्या साळ्याचा मित्र. त्यानं मला बाजूला घेतलं. एका पेशंटला परत पाठवावं लागेल म्हणाला. शेवटचा नंबर सुधाताईंचा आहे, एवढंच. त्यानं काहीच सुचवलं नव्हतं — हे मला सांगितलंच पाहिजे. नाव मी घेतलं.

"ती मीना — तरुण आहे. ती थांबू शकते."

तिचा खोकला मी सकाळपासून ऐकत होतो. तरी म्हणालो.

मीनाला पुढच्या आठवड्यातली तारीख मिळाली. मध्ये सुट्ट्या होत्या. रामभाऊ माझ्याकडेच आले, शिकलेला माणूस म्हणून.

"भाऊ, आमचाच नंबर काहून कटला असन?"

"औषध कमी आलं, रामभाऊ. कोणाचं नाव निघन, सांगता येत नाही."

त्यांनी मान डोलावली. माझ्यावर विश्वास ठेवला. जाताना मीनानं सुधाला हात केला, आणि मी — मी मोबाईलमध्ये डोकं घातलं.

सुधाला टीबी निघाला. औषधं घेऊन ती बरी झाली. मीना ती तारीख यायच्या आधीच गेली. श्वास कोंडला, नागपूरला आणता आणता, वाटेतच.

लवकर स्कॅन होऊन ती वाचली असती का? डॉक्टर कदाचित नाही म्हणतील. पण मॅनेजरपुढे उभा असताना मला हे कुठं ठाऊक होतं? मला फक्त आमचा नंबर हवा होता.

रामभाऊंचा अजून अधूनमधून फोन येतो. मीनाबद्दल ते फारसं बोलत नाहीत.

"वहिनीची तब्येत कशी आहे जी?"

"चांगली आहे."

"बरं झालं, भाऊ," ते म्हणतात. अगदी मनापासून म्हणतात.

आणि मी 'हो' म्हणतो.