कुंडीवरचा बर्फ

शेवटच्या फोनवर मी माझ्या जावेशी खोटं बोलली.

आणि तिनं ते तिथल्या तिथं पकडलं.

आज वर्ष झालं. फोटोले हार घालून चार गोड शब्द टाकणं मले जमत नाही. म्हणून जे झालं तेच लिहून राहिली.

शकुंतलाबाई. माझी थोरली जाऊ. कारध्याच्या घरात आम्ही दोघी पंचवीस वर्षं एका चुलीवर. मी त्यांना बाई म्हणायची. त्या मले कमल.

घरामागच्या आमच्या सांदवाडीत वांगे, चवळी, सांबार म्हणजे कोथिंबीर. खायचं ते लावायचं, संपलं की उपटायचं. माझं काम एवढंच.

बाईले मोबाईलवर व्हिडिओ पाहून पाहून नाद लागला. एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहणारी झाडं पाहिजेत. अन् तीही गावात कोणी पाहिली नसतील अशी.

पार्सल यायचं. एवढ्या मोठ्या डब्यात एक काडी, नाहीतर एक वाळलेलं मूळ. मी म्हणायची, बाई, हे चूल पेटवायच्या कामाचं आहे.

पहिल्यांदा लॅव्हेंडर आलं. ते लावून बाई आठ दिवस माहेरी नाकाडोंगरीले गेल्या. जाताना म्हणाल्या, लक्ष ठेव.

ठेवलं.

मले धान येते. धानाले काय लागते? पाणी. मी चारही बाजूनं मातीचा धुरा घातला, धानाच्या वावरासारखी हातभर बांधी केली अन् घोटाभर पाणी भरून ठेवलं. सकाळी कमी दिसलं की पुन्हा भरायचं. मनापासून केलं, खोटं कायले सांगू.

बाई आल्या. सडलेली काडी पाहिली. पाणी पाहिलं. मले पाहिलं.

"कमल, धानाचा रोवणा कधी आहे वो? लावणीले बाया सांगून ठेवू का?"

महिनाभर गाव माझ्यावर हसत होतं.

मग दिवाळीनंतर पिओनीचं मूळ आलं. फोटोतलं फूल फुलकोबीएवढं, गुलाबी. भंडाऱ्याच्या नर्सरीवाल्यानं मूळ हातात घेतलं अन् परत देऊन टाकलं. हे बर्फाच्या मुलखातलं आहे बाई, म्हणे. याले कडक थंडी लागते. आपल्या इकडं उन्हात माणूस भाजते, हे कुठून येईन.

नदीच्या पुलावरून परत येताना बाई ऑटोत मूळ मांडीवर घेऊन बसल्या. मधेच म्हणाल्या, "थंडीच पाहिजे ना त्याले? मग फ्रीज कायले घेतला आपण?"

त्या दिवसापासून रोज सकाळी बर्फाचा ट्रे कुंडीवर रिकामा.

पाहुणे आले की सरबत कोमट. माझा नवरा म्हणे, वहिनी, कुंडीले एक स्वेटर पण घाला. बाई म्हणत, स्वेटर तुमाले, बर्फ त्याले.

मले सबूर नाही. भात शिजेपर्यंत चारदा झाकण उघडणारी बाई मी. एक दिवस माती उकरून मूळच बाहेर काढून पाहिलं, काही फुटलं का म्हणून. बाईनं हातावर चापट मारली, लेकराले मारतात तशी.

"धान चार महिन्यात घरी येते म्हणून तुले सारंच तसं पाहिजे. याचं याच्या मनानं होईन."

त्याच थंडीत बाईचं दुखणं निघालं. नागपूरच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. गाडीत बसल्यावर काच खाली करून मले बोलावलं. वाटलं, कपाटाच्या चाबीचं सांगतात.

"बर्फ घालजो. पाणी भरू नको. अन् मी येईपर्यंत उपटून पाहू नको."

रोज फोन. रोज एकच विचारणं, फुटलं का? मी रोज नाही म्हणायची. त्यांचा आवाज रोज बारीक होत गेला.

एक दिवस त्यांच्या पोरीनं, मनीषानं, खोलीबाहेर येऊन मले फोन केला. डॉक्टरनं हात टेकले म्हणाली. काकू, उद्या आईशी काहीतरी चांगलं बोल.

दुसऱ्या दिवशी बाईनं विचारलं, फुटलं का?

मी म्हटलं, फुटलं बाई. दोन कोंब आले.



"कोणत्या रंगाचे वो?"

"हिरवे. अजून कोणत्या रंगाचे राहतीन?"

बाई हसल्या. खोकला लागेपर्यंत हसल्या.

"त्याचे कोंब लाल राहतात, कमल. मिरचीवानी."

मी फोन धरूनच कुंडीकडं पाहिलं.

"राहू दे. तुले खोटं बोलता येत नाही. उपटलं तर नाही ना?"

"नाही बाई."

"हे खरं बोलली."

बस. एवढंच शेवटचं. दोन दिवसांनी बाईले घरी आणलं ते पांढऱ्या कपड्यात.

सारं आटोपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी फ्रीज उघडला. ट्रे भरलेला. घरात सुतक अन् ही कुंडीवर बर्फ घालून राहिली, असं कोणी म्हणीन. म्हणो.

उन्हाळाभर कुंडी सावलीत ठेवली. पावसात ओसरीत आणली, नाहीतर पाणी साचलं असतं अन् रोवण्याचा टोमणा पुन्हा कोण मारणार होतं?

नवरा म्हणते, वाळलं ते. फेक, अन् त्या कुंडीत मिरची लाव.

मी म्हटलं, हात लावून दाखवा.

वर्ष झालं. मी त्या मातीत बोट घातलं नाही. मी.

आज सकाळीही ट्रे रिकामा केला. वाकून पाहिलं. मग आत जाऊन चष्मा आणला अन् पुन्हा पाहिलं.

बाई, काही आलं नाही. हिरवं नाही, लालही नाही.

या वेळेस खरं सांगून राहिली.

अन् उपटून पाहिलं नाही, तेही खरं.

तुमी आराम करा. बर्फाचं मी पाहून घेईन.

तुमची,
कमल