दगडूभाऊ वायरमनची लाईन

दगडूभाऊ वायरमनना इंग्रजीतला एकच शब्द पुरायचा: लाईन. वीज म्हणजे लाईन. एसटीसाठी उभं राहायचं ते लाईनीत, बिघडलेलं पोर आणायचं ते लाईनीवर, आणि जुन्नरच्या कॉलेजात कुणी मुलींमागे फिरला, तर तो लाईन मारतो. मी सबस्टेशनवर ऑपरेटर म्हणून रुजू झालो, तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "पावणं, तुमी कंच्या लाईनचं?"

"विजेच्याच," मी म्हणालो.

"मग आपली लाईन एकच. फकस्त तुमी खुर्चीवर, आमी खांबावर!"

तेव्हा मोबाईल नव्हते. पारगावकडच्या उसाच्या रानात खांबावर चढण्याआधी ते फोन करून लाईन बंद करायला लावत. काम झालं की वाण्याच्या दुकानातल्या फोनपर्यंत पुन्हा स्वतः चालत जात. ज्याने लाईन बंद करायला सांगितली, त्यानेच ती सोडायला सांगायची, हा नियम होता. "माझा आवाज ऐकल्याबिगर सोडू नका, राव. बायकोनं सांगितलं तरी न्हाई. ती तर आधीच सोडायला लावंल!"

एका उन्हाळ्यात भर दुपारी सारखे फोन येत होते. पंप बंद, ऊस वाळत चाललेला. शेवटी एक बागायतदार ओरडला, "वायरमन कवाच उतरला की! मी सोताच्या डोळ्यानं बघितलं. सोडा लाईन!"

मी सोडली. दगडूभाऊ उतरले होते, हे खरं होतं. पण ते पुढच्या खांबावर चढले होते.

उजवा हात कोपरापासून गेला. चौकशीत ते म्हणाले, "फोन मीच केला व्हता. एक खांब ऱ्हायलाय, हे ध्यानात आलं न्हाई." मी खाली मान घालून त्या जबाबाखाली सही केली.

भेटायला गेलो, तेव्हा वहिनी त्यांना भाकरी कुस्करून देत होत्या. त्या आत गेल्या तसं मी विचारलं, "भाऊ, असं का सांगितलंत?"

"तुमची नोकरी गेल्यावर माझा हात उगवणार हाय का? जेवा. पुन्यांदा हा विषय न्हाई."

खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढे नव्या वायरमनना ताकीद देताना त्यांचंच उदाहरण दिलं जाई: स्वतःच्या चुकीने हात घालवलेला माणूस. एकदा मीही दिलं.

ते गेले. दशक्रियेला माईकवरून श्रद्धांजलीची भाषणं चालली होती. त्यांच्या थोरल्या मुलाने, दत्ताने, मला बाजूला नेलं. तोही आता वायरमन आहे. "काका, आमचा बाप लई जपून काम करायचा. त्या दिवशी त्यानी खरंच फोन केला व्हता का ओ?"

मी "हो" म्हणालो. त्याने मान हलवली आणि लोकांना पाणी द्यायला गेला.

दत्ता, तुझ्या वडिलांनी फोन केला नव्हता.