पाणी न पिणाऱ्या बाया

डॉक्टरांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला. धरून ठेवला. मग उचलला. कातडीत खड्डा राहिला. शिकणारी पोरंपोरी वाकून तो खड्डा पाहू लागली. मी खाटेवर बसलेली. साडी गुडघ्यापर्यंत वर. ती मी वर केली नव्हती आणि मला कोणी विचारलंही नव्हतं.

"वय चौतीस," डॉक्टर त्यांना म्हणाले. "शुगर नाही. बीपी आत्ता वाढलंय, आधी नव्हतं. आम्ही शिकत होतो तेव्हा किडनीचा पेशंट म्हणजे साठीतला, वर्षानुवर्षं शुगर असलेला. आता बघा कोण येतं. तरुण माणसं, मजुरी करणारी. कशामुळे?"

पोरं वह्या चाळू लागली.

"दुखण्याच्या गोळ्या फुटाण्यासारख्या खातात. आणि पाणी पीत नाहीत. अरे, पाणी तर फुकट आहे."

पोरं हसली. मीही हसले. चारचौघांत साहेब लोक हसले की आपणही हसायचं, ही सवय. ते लोक पुढच्या खाटेकडे गेले, मग मी साडी खाली ओढली. तोंड भिंतीकडे केलं.

नागपूरचा मोठा सरकारी दवाखाना. बायांचा वॉर्ड. शेजारच्या खाटेवर रुक्माबाई होती. म्हातारी, जुन्या शुगरची. या वॉर्डात तिचं येणं-जाणं जुनं. तिनं सगळं ऐकलं होतं. थोड्या वेळानं म्हणाली, "पहिले इथं आमच्यासारख्या म्हाताऱ्याच राहत होत्या वं. आता तुमच्यासारख्या लेकुरवाळ्या येऊन राहिल्या."

मग मी वॉर्ड पाहिला. खरं तर तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. दाराजवळची पोरगी वीटभट्टीवरची. तिच्या पलीकडची सिमेंटचे घमेले वाहणारी. खिडकीपाशी एक होती, ती लग्नाच्या हॉलात मोठाल्या भट्ट्यांसमोर पोळ्या लाटायची. आमच्या वस्तीत किडनीचा रोग म्हणजे शुगरवाल्यांचा रोग. खाऊन-पिऊन सुखी माणसाचा. मग या इथं कशा? या सगळ्यांना एकदमच पाणी पिऊ वाटेनासं झालं?

तिथं माझ्या डोक्यात संशय शिरला. तो अजून निघाला नाही.

मी इतवारी बाजारात साड्यांच्या ठोक दुकानात कामाला होते. माझा बाप मागावर साड्या विणायचा. माग बंद पडला, मी दुसऱ्यांच्या साड्यांच्या घड्या घालू लागले. खाली दुकान, वर गोडाऊन, त्याच्यावर पत्र्याची खोली. त्या खोलीत आम्ही पाच बाया. मालाच्या गाठी सोडायच्या, साड्या तपासायच्या, घड्या, पिशव्या. पंखा लावला की साड्या उडत, म्हणून पंखा बंद. मे महिन्यात त्या पत्र्याखाली बसून पाहा एकदा.

संडास-बाथरूम खाली होतं. त्याला कुलूप. चावी मुनीमजीच्या डोक्यामागं खिळ्याला. जायचं असलं की सगळ्या दुकानासमोर उभं राहून मागायची. गोंदिया-भंडाऱ्याकडचे व्यापारी गादीवर बसलेले, हमाल दारात. मुनीमजीला कळायचं, तरी विचारायचा, "काय पायजे?" मी चावी म्हणायची. तो घड्याळाकडे पाहायचा. "आताच तर गेली होती. लय पाणी पेते का वं?"

सगळे हसायचे. मी मान खाली घालून चावी घ्यायची. परत येताना पुन्हा सगळ्यांच्या समोरून.

मग एकदा शेठाणी आली. तिला बाथरूमात वास आला म्हणे. वास आमचाच असणार, हे तिनं विचारल्याशिवाय ठरवलं. त्या दिवसापासून बाथरूम फक्त घरच्यांना आणि गिऱ्हाइकांना. आम्ही बाजाराच्या टोकाला सार्वजनिक ठिकाणी जायचं. हातगाड्या, टेम्पो, माणसांची रेटारेटी. तिथं पोचलो तर दार मोडकं. उशीर झाला की मुनीमजी दिवसभर टोमणे मारायचा. पुरुष गल्लीच्या आडोशाला उभे राहत. आम्ही कुठं उभं राहायचं?

आम्ही उपाय काढला. पाणी सोडलं.

सुनंदाबाईनं शिकवलं मला. ती आमच्यात सगळ्यात जुनी. सकाळी घरून कपभर चहा पिऊन यायचं. मग घरी जाईपर्यंत फक्त ओठ ओले करायचे. तोंड सुकलं की सुपारीचं खांड ठेवायचं. ती हे इतकं सहज सांगायची, जणू भाजीत मीठ किती घालायचं ते सांगते.

दुपारी डोकं फुटायचं. कंबर धरायची. तेव्हा शेठजी स्वतः जिना चढून वर यायचे. हातात गोळ्यांची पाकिटं. "घे बेटा. बरं वाटेल." बरं वाटायचंही. आम्ही घड्या घालत राहायचो. शेठ देवमाणूस, असं आम्हीच एकमेकींना सांगायचो. खिळ्यावरची चावी देत नव्हता तो, गोळी देत होता. ही गोष्ट तेव्हा दिसली नाही. आता त्याचा प्रत्येक 'बेटा' मला उलटा ऐकू येतो.

लघवीला आग व्हायची. ताप यायचा. वस्तीतला डॉक्टर सुई द्यायचा. ताप उतरायचा, पुन्हा यायचा. संध्याकाळी पाय सुजायचे. बसून बसून सुजले, असं समजलं. मग जिना चढताना दम लागू लागला. तोंड सुजलं. नवऱ्यानं, मोहननं, त्याच्या ई-रिक्षात घालून दवाखान्यात आणलं. रक्त तपासलं. दोन्ही किडन्या अर्ध्याहून जास्त गेल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर पुन्हा आले. मागं नवी पोरं. पुन्हा अंगठा. पुन्हा तेच बोलणं, त्याच जागी थांबून. पाणी फुकट आहे, म्हणाले, आणि पोरं हसणार तेवढ्यात माझ्या तोंडून निघालं,

"साहेब, पाणी फुकट आहे. मुतायले जागा फुकट नाही."

मी थांबले नाही. पत्रा सांगितला, कुलूप सांगितलं, शेठच्या गोळ्या सांगितल्या. डॉक्टरांनी ऐकलं. चष्मा काढला, पुसला. मग म्हणाले, "बरं. तो वेगळा विषय आहे." आणि पुढच्या खाटेकडे गेले.

वेगळा विषय! माझंच अंग, माझंच दुकान. हे दोन विषय कधी झाले?

एक पोरगी मागं राहिली होती. दुकान कोणतं म्हणून हळूच विचारलं. चेहरा चांगला होता तिचा. मी सांगितलं नाही. हिला माझं दुखणं पाहिजे की परीक्षेतलं उत्तर, मला कळेना.

दोनच दिवसांनी शेठजी आले. भेटायच्या वेळेत, हातात नारळपाण्याच्या बाटल्या. मोहननं झटकन उठून स्टूल दिलं. सिस्टरनं बाटल्या पाहिल्या आणि नारळपाणी किडनीवाल्यांना चालत नाही म्हणून उचलून नेल्या. शेठजी इकडचं तिकडचं बोलले. मग खाली वाकले.

"बेटा, तुले लहानपणापासून मुतखडे होते न? डॉक्टरले तसंच सांगजो."

"काहून?"

"दुकानाचं नाव कायले मधात?"

मी वॉर्डात तोंड उघडलं ते यांच्यापर्यंत कोणी नेलं? डॉक्टरनं? त्या पोरीनं? मोहननं? अजून मला माहीत नाही. मोहनला विचारलं, त्यानं शपथ घेतली. मी शपथ ऐकली, एवढंच.

शेठजींनी हळूच पुढचं सांगितलं. बरी झाली की वर जायचं नाही. खाली पंख्यात बसायचं, पावत्या फाडायच्या. "आन् बाथरूमची चावी तुझ्याजवळच ठेव. तुह्या एकटीजवळ."

मोहन डोळ्यांनी मला हो म्हण, हो म्हण करत होता. त्याचंही खरं होतं. घरात दोन लेकरं. पंख्याखालचं काम, आणि मागावी न लागणारी चावी. इतकी वर्षं मी तेवढंच तर मागत होते.

"सुनंदाबाईले?" मी विचारलं.

"तिची गोष्ट वेगळी."

"तर मले नको."

शेठजी उठले. या वेळी बेटा म्हणाले नाहीत.

घरी आल्यावर मोहन बरेच दिवस माझ्याशी धड बोलला नाही. मी इतवारीत गेले. कामावर नाही. दुकान सुटायच्या वेळी जिन्याखाली उभी राहिले. आमच्या बाया उतरल्या. मी म्हटलं, रक्त तपासून घ्या. दोघी माझ्याकडे न पाहता निघून गेल्या. त्यांचं काही चुकलं नाही, त्यांना तिथं उद्या पुन्हा चढायचं होतं. आमच्यातली कविता तपासायला आली. सुनंदाबाई आली.

कविताचं ठीक निघालं. सुनंदाबाईचं माझ्याहून वाईट. दवाखान्याच्या पायरीवर ती बसली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. "मीच तुले शिकवलं न वं," एवढंच म्हणाली. मला तिच्यावर राग आला नाही. तिला हे ज्यांनी शिकवलं, त्यांचा राग आला.

तिला घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेले. शुगर नाही. बीपी जुनं नाही. डॉक्टर कागद उलटेपालटे करून म्हणाले, अशा केसेस वाढल्यात, नेमकं कारण सांगता येत नाही. मी म्हटलं, चला एक दुपार आमच्या पत्र्याखाली. ते म्हणाले, "मी डॉक्टर आहे, इन्स्पेक्टर नाही."

मग आम्ही इन्स्पेक्टरकडे गेलो. कामगार ऑफिसात.

तिथल्या साहेबानं बसायला खुर्च्या दिल्या. चहा मागवला. गोड बोलला. गोड बोलणाऱ्या माणसाची मला आता भीती वाटते. सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाला, "बाई, एका दुकानाचं काय घेऊन बसल्या? सगळी गल्लीच अशी आहे. कुठंच नाही बायांसाठी सोय."

त्याला वाटलं, हे ऐकून आम्ही उठू. सुनंदाबाई उठलीच. मी तिचा हात धरून तिला पुन्हा बसवलं.

गेलेली किडनी परत येत नाही, हे मला माहीत आहे. एक दिवस रक्त धुवायचं मशीन लागेल, तेही माहीत आहे. तोपर्यंत माझ्याजवळ जो वेळ आहे तो मी कोणाच्या दयेवर घालवणार नाही. आणि एकटीपुरतं काही घेणारही नाही.

"मग सगळ्या गल्लीचं लिहा," मी म्हटलं. "एकेका दुकानाचं नाव सांगते. तुम्ही लिहा."

साहेबाचं हसू गेलं. आज वेळ नाही म्हणाला, नंतर या म्हणाला.

"आम्ही बसून आहो," मी म्हटलं. आणि पहिल्या दुकानाचं नाव सांगितलं.