कुठल्याच मालिकेत नसलेली सासू

कारखान्यात तिला सगळे 'डोळेवाली' म्हणत. कारखाना कसला, एका दुकानामागच्या दोन खोल्या. ॲनिमे म्हणजे जपानी कार्टून मालिकांमधल्या पात्रांच्या वीतभर बाहुल्या तिथे साच्यातून निघत आणि शेवटी डोळे रंगवायला तिच्या टेबलावर येत. बारीक ब्रश, भिंग आणि श्वास रोखून धरायची सवय, एवढ्यावर तिने नऊ वर्षं काढली. ही पात्रं वापरायचा परवाना वगैरे मालकाने काढलाच असेल, असं ती धरून चालली होती.

एका सकाळी दोन अधिकारी आणि मूळ कंपनीच्या वकीलबाई दारात उभ्या राहिल्या. मालकाकडे परवान्याचा चिठोराही नव्हता. बाराशे बाहुल्या खोक्यांत गेल्या, साचे जप्त झाले. नोकरी गेल्याचं डोळेवालीला वाईट वाटलंच. पण इतकी वर्षं आपण मन लावून दुसऱ्याचं चोरत होतो, हे तिला जास्त लागलं.

जप्त माल चिरडायचा होता, त्याआधी यादी करायला दुसऱ्या दिवशी तिला कचेरीत बोलावलं. ती एकेक बाहुली उचलून मालिकेचं नाव सांगे, वकीलबाई कंपनीच्या पात्रांच्या पुस्तकात खूण करत. तिसऱ्या खोक्यातून एक ठेंगणी म्हातारी निघाली. कमरेवर हात, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि बशीएवढाले रागीट डोळे.

"ही कुठल्या मालिकेतली?"

"कुठल्याच नाही," डोळेवाली मान खाली घालून म्हणाली. "या माझ्या सासूबाई."

अधिकाऱ्याला हसू आवरेना. वकीलबाई मात्र गंभीर.

"स्वतःचं आहे असं सगळेच म्हणतात. पुरावा काय?"

पुरावा कुठून आणणार? जेवणाच्या सुट्टीत गंमत म्हणून तिने ती म्हातारी घडवली होती, मालकाने हौसेने चाळीस नग काढले होते. कागदावर काही नव्हतं, आणि सासूबाईंना तर याचा पत्ताच नव्हता.

संध्याकाळी सांगणं भाग पडलं. सासूबाईंनी भाजी चिरता चिरता सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मला न विचारता माझ्या चाळीस बाहुल्या?"

"चुकलं, आई."

"आणि आता त्या चिरडणार?"

"बाकीच्यांबरोबर, हो."

"बघतेच मी कशा चिरडतात ते."

सकाळी कचेरी उघडायच्या आधीच सासूबाई दारात हजर. आत शिरल्या त्या थेट टेबलापाशी. कमरेवर हात ठेवून, चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "मला चोरीचा माल कोण म्हणालं?"

अधिकाऱ्याने एकदा बाहुलीकडे पाहिलं, एकदा सासूबाईंकडे, आणि तोंडावर रुमाल धरला. वकीलबाईंनी सगळं पुस्तक पुन्हा नीट चाळलं, मग जप्तीच्या यादीतल्या त्या चाळीस नगांवर काट मारली. जाताना डोळेवालीला म्हणाल्या, "यापुढे काही घडवलंत तर आधी चित्र काढा, तारीख घाला, सही ठेवा."

बाकीच्या बाहुल्या यंत्रात चुरा झाल्या. साक्षीदार म्हणून तिला तिथे उभं राहावं लागलं. तिने तोंड फिरवलं नाही, पण दोन दिवस तिला जेवण गेलं नाही.

मालकाला दंड झाला, खोल्यांना कुलूप लागलं. आता ती दातांच्या प्रयोगशाळेत खोट्या दातांना खऱ्याची छटा देते. सुट्टीच्या दिवशी ओळखीपाळखीच्यांच्या बाहुल्या घडवते, त्याही ज्याची त्याची सही घेऊनच. गल्लीतल्या पोस्टमनची करायची फार इच्छा आहे, पण चित्रातलं नाक बघून तो सही द्यायला तयार नाही.