पायाशी बसणारा माणूस

देवजीकाका गेल्याची बातमी मला रावजी भगताच्या मुलाने, काशिनाथने दिली. भाद्रपद सरत आला होता. सोमवारी सकाळी परिपाठ चालू असताना तो शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर पिळलेला टॉवेल. "मास्तर, देवजी डोकरा गेला," तो बोलला. "घरातच हाय. तुमच्या लोकांना बोलवा." त्या क्षणी मला आधी दुःख झालं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. आधी आली ती शंका. काका आमच्या मंडळीतले, आमच्या पाड्यावर एकटे राहणारे. मग ते गेल्याचं ओढ्यापलीकडच्या, पाला देणाऱ्या नि मंतरणाऱ्या भगताच्या घरी आमच्याआधी कसं कळलं? हा सकाळी सकाळी त्यांच्या घरात काय करत होता? मी तसं विचारलंही, शिक्षक विचारतो त्या आवाजात. काशिनाथने डोक्यावरचा टॉवेल काढून पुन्हा पिळला. "काल आला नाय तो. आमचा बा बोलला, बघून ये, देवजी न येणारा माणूस नाय."

काल रविवार होता. काका उपासनेलाही आले नव्हते. शेवटच्या रांगेतली त्यांची जागा रिकामी होती, आणि ती मला दिसली होती. मला वाटलं, रुसले असतील... भगताच्या घरून माणूस पाठवला गेला. आमच्यातून कोणी पाऊलभरही गेलं नाही.

वांगणीच्या अलीकडे आमचा पाडा आहे. पत्र्याच्या शेडमध्ये आमची ख्रिस्ती मंडळी जमते, मोजकी घरं. पाळकसाहेब महिन्यातून एकदा जव्हारहून येतात आणि त्या रविवारी प्रभुभोजन होतं, प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस सगळ्यांना वाटतात. बाकीचे रविवार मी सांभाळतो, कारण मी मंडळीचा सचिव, आणि वाचणारा, लिहिणारा. गाव आमच्याकडे संशयाने बघतं, हे काही नवीन नाही. हे लोक औषध देतात ते कशासाठी, वह्या देतात त्या कशासाठी, असं बोललं जातं. वर्षानुवर्षं अशा नजरा सोसता सोसता आम्हीही तसंच बघायला शिकलो. आधी गावाकडे, मग एकमेकांकडे. त्यात मी सगळ्यांच्या पुढे होतो.

देवजीकाका जन्माने आमच्यातले नव्हते. तरुणपणी मोखाड्याकडच्या एका दवाखान्यात ते झाडलोट करायला लागले, पुढे जखमा धुणं, पट्ट्या बांधणं शिकले. तिथल्या एका सिस्टरने ज्याच्या जवळ कुणीच जात नव्हतं अशा एका म्हाताऱ्याला शेवटचे आठ दिवस स्वतःच्या हाताने पुसलं, भरवलं. काकांनी तिला विचारलं, तुम्ही हे का करता? तिने उत्तर दिलं नाही, फक्त पाण्याची बादली बदलून आणायला सांगितली. काका म्हणायचे, त्या बादलीपासून मी विश्वासात आलो. एवढीच त्यांची साक्ष. मंडळीत साक्ष देण्याची पाळी आली की ते डोकं खाजवत उठायचे आणि बोलायचे, "मला बोलता नाय येत. झाडू कुठं ठेवलाय?" लोक हसायचे. मीही हसायचो. पण मनात म्हणायचो, इतकी वर्षं झाली, हा माणूस वाढला नाही. शास्त्र नाही, पाठांतर नाही, प्रार्थना दोन ओळींची. विश्वासात वाढणं म्हणजे माझ्यासारखं होणं, असं मला खरोखर वाटत होतं.

एक प्रसंग आज डोक्यातून जात नाही. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी आमच्यात पाय धुण्याची उपासना असते. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तसे आम्ही एकमेकांचे धुतो. आता त्यातली गंमत सांगतो. त्या दिवशी सगळे घरून साबणाने पाय घासून येतात. बायका टाचा दगडाने घासतात. मी तर मोजे घालून येतो, वाटेत धूळ लागू नये म्हणून. एका वर्षी काकांच्या वाट्याला माझे पाय आले. त्यांनी माझा पाय हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि हळूच बोलले, "मास्तर, हा त धुतलेलाच हाय. मी काय करू?" शेजारचे फिसकन हसले. मला राग आला. तो राग मी बराच काळ जपून ठेवला, हेही इथे सांगून टाकतो.

मागच्या वैशाखात वेणूमावशी उपासना संपल्यावर माझ्याजवळ आल्या. मंडळीतल्या जुन्या बाई, जामसरहून सून म्हणून आलेल्या. "मास्तर, बोलू नाय पण बोलते. देवजीभाव रावजी भगताकडं जातो. पायाशी बसलेला माझ्या डोळ्यानं बघितला."

पायाशी बसलेला! आपल्या भाषेत या शब्दांचा अर्थ एकच होतो. गुरूच्या पायाशी बसतात, देवाच्या पायाशी बसतात. मला दुसरा अर्थ सुचलाच नाही. मावशी स्वतः भगताच्या अंगणात कशाला गेल्या होत्या, हेही मी विचारलं नाही. त्या आपणहून बोलल्या, "मी त लाकडांना गेलती," आणि नातवाला कडेवर घेऊन घाईने निघून गेल्या. नातू तापाने फणफणलेला होता.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांसमोर मंडळीचे पंच बसले. प्रश्न मी विचारले.

"काका, तुम्ही रावजी भगताकडे जाता?"

"जातो."

"त्याच्या पायाशी बसता?"

काकांनी एकदा सगळ्यांकडे बघितलं. "बसतो."

"कशासाठी?"

पाळकसाहेबांनी प्रेमाने विचारलं, दोनदा विचारलं. काका फक्त एवढं बोलले, "ते माझं सांगायचं नाय." मला हाच पुरावा वाटला. लपवतोय म्हणजे आहे. निर्णय असा झाला की खुलासा करीपर्यंत देवजीकाकांनी प्रभुभोजनात भाग घेऊ नये. ठराव मी लिहिला. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं.

आम्हाला वाटलं, ते यायचं सोडतील. ते येत राहिले. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा प्याला रांगेतून फिरायचा, त्यांच्यापाशी आला की त्यांना ओलांडून पुढे जायचा. ते हात मांडीवर ठेवून बसलेले असायचे. नंतर सगळे बाहेर गप्पा मारत असताना ते मागच्या ओटीवर तो प्याला राखेने घासायचे. या घासण्यातही मला काहीतरी डाव दिसायचा. आपण किती नम्र आहोत हे दाखवतोय, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "कोणाला दाखवतोय? तिथं कोणीच नसतं."

आषाढात लावणी उरकल्यावर एका रविवारी मी त्यांच्या मागोमाग गेलो. चोरासारखा, छत्री मिटून. ओढा ओलांडून ते भगताच्या घरात शिरले आणि मी कुडाच्या मागे उभा राहिलो. कारवीच्या कुडाला चिखल गळून पडलेली एक फट होती. आत रावजी भगत माचीवर बसला होता. काका खाली जमिनीवर, त्याच्या पायाशी. भगताचा उजवा पाय त्यांच्या मांडीवर होता आणि त्या पायाला घोट्याखाली जखम होती, हात मावेल एवढी. साखरेच्या आजाराने पाय सडत होता. वास बाहेरपर्यंत येत होता. काका मिठाच्या कोमट पाण्याने ती धूत होते.

"तुझ्या देवाचं नाव घेशील त उठून जाईन," भगत बोलला.

"कसा उठशील? पाय माझ्याकडं हाय."

"तू सांगशील तिकडं. येशूनं भगताचा पाय बरा केला."

"आधी बरा त होऊ दे. मंग भांडू."

दोघे म्हातारे हसले. मग भगताचा आवाज पडला. "देवजी, अख्खा गाव माझ्या हातचा पाला घेतो. माझाच पाय कुजतो कळला त कोण येईल रं?"

"नाय कळणार," काका बोलले. त्यांनी नवी पट्टी गुंडाळायला घेतली.

तर ते गुपित असं होतं. एका माणसाची लाज झाकायची म्हणून काकांनी प्रभुभोजनातली आपली जागा सोडली होती. कुडामागे उभं राहून मला काय वाटलं? आधी वाटलं, ही केवढी मोठी साक्ष आहे, पाळकसाहेबांना सांगितली पाहिजे. म्हणजे ‘तिकडं सांगतील’ ही भगताची भीती अगदी खरी होती. आणि मग वाटलं, सांगितलं तर माझा ठराव खोटा ठरेल. मी आवाज न करता परत फिरलो.

भगताचं गुपित न फोडता, मी चुकलो, काकांना भोजन द्या, एवढं मला म्हणता आलं असतं. पाळकसाहेब त्यानंतर दोनदा आले. दोन्ही वेळा प्याला काकांना ओलांडून गेला आणि मी वही उघडून बसलो होतो. तिसऱ्यांदा पाळकसाहेब आले ते मातीला.

मातीला काशिनाथही आला, लांब उभा राहिला. खड्डा बुजवताना फावडं त्याने माझ्या हातातून घेतलं. "पहिला महिना मी ते मिठाचं पाणी चाखून बघायचा," तो बोलला. "वाटायचं, मंतरून आणतो. तुमची लोकं..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. मीही त्याच्या बापाबद्दल काय काय समजत होतो ते सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी मी मंडळीसमोर उभा राहिलो आणि काकांवरचा आरोप खोटा होता, मला ते दोन महिने माहीत होतं, एवढं बोललो. वेणूमावशी पदर तोंडाला लावून रडल्या. का खोटा, हे मला सांगता येत नव्हतं. ते सांगू का, हे विचारायला मी रावजी भगताकडे गेलो.

त्याने मला दारातच अडवलं. "पाय बघाला आलास का लिवून न्यायला?"

दोन्हीसाठी, हे खरं होतं. मी तसं सांगितलं. त्याने पानाला चुना लावला. मग बोलला, "लिव. आता काय लपवू, देवजी गेला. पण तुझ्या देवानं केला असा लिवू नको. देवजीनं केला, असा लिव." मी मान हलवली. काकांना यातला फरक पटला नसता. पण ते वादही घालत बसले नसते.

"एक सांग मास्तर," तो पुढे बोलला. "तुमी त्याला जेवाला का नाय देत व्हतं?"

मला कळेना.

"महिन्याला भोजन असतं ना तुमच्यात? त्यानं सांगितला एकदा. सगळी जेवतात, मी मागं बसतो, बोलला. म्हणून त मी इथं वाढायचो त्याला."

मी समजावायला लागलो की ते पोट भरायचं जेवण नाही, भाकरीचा एवढासा तुकडा असतो, बोटाच्या पेराएवढा, आणि घोटभर रस. भगत ऐकत राहिला. त्याचे डोळे बारीक झाले. "एवढासा?" तो बोलला. "मग एवढा पण नाय दिला?"



आता रविवारी उपासना संपली की मी ओढा ओलांडतो. खरंच सेवेसाठी जातो की स्वतःच्या मनाची टोचणी कमी व्हावी म्हणून, याची मला खात्री नाही. स्वतःवरचा एवढा एक संशय मी ठेवून दिला आहे. पट्टी मला अजून नीट जमत नाही. कधी घट्ट होते, कधी सुटते, आणि रावजी भगत ओरडतो, "हळू रं, तो काय तुझा फळा हाय?" जखम आता रुपयाएवढी उरली आहे. हात धुऊन झाले की काशिनाथची बायको कुडात खोचलेलं एक जर्मलचं ताट काढते. काठाला पोचा आलेलं, काकांचं. त्यात नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढून ती माझ्यासमोर ठेवते. पहिल्या घासाला दर वेळी माझा हात थांबतो.

"खा," भगत बोलतो. "आमच्यात इचारून नाय वाढत."