मुलं हसली तरच मखमल

लोकांच्या ऑफिसात फायली साठतात, आमच्याकडे किस्से. पुस्तकांचे गठ्ठे बाहेर गेले की खोली मोकळी होते, पण किस्से काही जागचे हलत नाहीत. चहा आला की कुणीतरी एक काढतंच. त्यातले बरेचसे मखमलचे.

मखमल म्हणजे आमची म्हैस. नटायची भारी हौस, आणि कुणी संकटात सापडलं की धावून जाणारी सुपरहिरो. गोष्ट मी लिहिली, चित्रं रुख्सानाची. प्रकाशक आमचे नाना. नाशकात त्यांनी उभा जन्म दहावी-बारावीची गाइडं काढली. मुलांसाठी चित्रांचं पुस्तक हे पहिलंच.

त्यांना हिरो वाघ हवा होता. रुख्साना म्हणाली, "नाना, वाघाला कपडे कशाला? तो तसाच उठून दिसतो. नटावं लागतं म्हशीला."

नानांनी गॉगल लावलेल्या म्हशीचं चित्र चष्म्याजवळ धरलं. मग म्हणाले, "करा. पण छापण्याआधी शाळेत वाचून दाखवायचं. मुलं हसली तर मखमल, नाहीतर मी आपला गाइडात सुखी आहे."

झालं! आता सगळं मुलांच्या हसण्यावर.

*

पहिल्याच प्रकरणात एक करडू गाळात रुततं. मखमल आधी आरशापुढे उभी राहते आणि दोन पानं ड्रेसच ठरवत बसते. नाना भडकले. "अहो, तिकडे करडाचा जीव चाललाय आणि ही मॅचिंग बघतेय?"

आता हे प्रकरण गेलं, असंच वाटलं मला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन.

"गुलाबी नको. गाळात उतरायचंय, चॉकलेटी घाला. डाग दिसत नाहीत."

हुश्श!

*

रुख्सानाला म्हशीच्या पाठीवर ओढणी कशी पडते ते बघायचं होतं. म्हणून आम्ही सायखेड्याला ओळखीच्या एका मावशींच्या गोठ्यात गेलो. ओढणी टाकली, रुख्सानानं पेन्सिल काढली, आणि म्हैस जी निघाली ती ओढणीसकट थेट गोदावरीत जाऊन बसली. ओढणी ईदची, नवीकोरी. रुख्साना रडकुंडीला आली.

मावशी म्हणाल्या, "राहू दे बाई, तिला लय शोभती. आता दुसरीलाबी एक आण, ती रुसून बसली हाय."

रुख्साना डोळे पुसत हसायला लागली. परतताना एसटीत तिनं जे चित्र काढलं, तेच कव्हरसाठी ठरलं.

*

नानांनी प्रूफं तपासून पाठवली. प्रत्येक प्रकरणाखाली त्यांच्या अक्षरात स्वाध्याय! 'मखमलने चॉकलेटी ड्रेस का निवडला? कारणे द्या.' 'म्हशीचे स्वभावविशेष तुमच्या शब्दांत लिहा.'

मी म्हटलं, "नाना, हे गोष्टीचं पुस्तक आहे."

ते खरोखरच गोंधळले. "मग मुलांनी पाठ काय करायचं?"

खूप विनवण्या केल्यावर त्यांनी प्रश्न काढले. पाच मार्कांचा एक तरी राहू द्या म्हणत होते.

*

आणि मग ती शाळा. दिंडोरीच्या पुढे, द्राक्षबागांना लागून. गुरुजी फाटकातच भेटले. "आमची मुलं फार शिस्तीची हं. पाहुण्यांसमोर आवाज निघणार नाही, बघाच तुम्ही."

वाचायला नाना स्वतः उभे राहिले. करडाचा आवाज काढला. आरशापुढची मखमल तर अशी केली की स्वतःचाच चष्मा गॉगलसारखा कपाळावर चढवला. वर्ग चिडीचूप. मुलं ओठ घट्ट मिटून समोर बघत होती. मला तर तिथंच रडू येईल असं वाटलं. एवढी लाडानं वाढवलेली म्हैस आमची, आणि एक पोर हसेना.

वाचन संपलं. नानांनी पानं गोळा करून पिशवीत घातली. आमच्याकडे बघितलंही नाही. "चला," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं बोट वर केलं. आधी गुरुजींकडे पाहिलं, मग नानांकडे.

"सर, वाचून झालं ना? मग आता हसू का? लय वेळचं दाबून धरलंय."

नानांनी गुरुजींकडे बघितलं. गुरुजी पंख्याकडे बघत होते.

नाना खुर्चीवर टेकले आणि त्यांनी पिशवीतून पानं पुन्हा बाहेर काढली. "हस, बाळ," म्हणाले. "मी परत पहिल्यापासून घेतो."